नाल्याकडचं टोक

जामच्या कंट्रोलरने मला फसवलं. एकदा नाही, वर्षानुवर्षं, दर रविवारी. आणि फसवलं ते सौद्यात, जो माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे वाचताना काही जणांना तो माणूस गोड वाटू लागेल. आमच्या भागात सगळ्यांनाच वाटतो. त्याने मला कसं गंडवलं हे सांगितलं की लोक पोट धरून हसतात आणि हसून झाल्यावर विचारतात, "कसे आहेत हो साहेब आता? तब्येत बरी आहे ना?" माझी तब्येत कोणी विचारत नाही.

मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौकाजवळ महामार्गाला लागून माझं आवार आहे. सुरुवात ट्रकचं पंक्चर काढण्यापासून केली. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कोणाला देत नाही. कोणी ट्रॅक्टर विकायला आणला की मी इंजिनाकडे पाहत नाही, टायरकडे पाहून मान हलवतो. अर्धा सौदा तिथेच होतो. विकायचा असेल तेव्हा समोरचा विचारात पडला की माझा मेकॅनिक फोन कानाला लावून आवारात येतो आणि म्हणतो, "सेठ, ते हिंगणघाटवाले आजच याले पाहाले येतो म्हनते." हिंगणघाटवाले कोणी नसतात. हा धंद्याचा रिवाज आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. सांगायचं एवढंच, की सौद्यातल्या या असल्या युक्त्या मला कोणी शिकवाव्यात अशी वेळ नव्हती.

कंट्रोलर म्हणजे एसटीचा कंट्रोलर. चौकातल्या थांब्यावर लहानशा खोलीत बसायचा आणि खिडकीतून प्रवाशांना उत्तरं द्यायचा. उत्तर एकच असायचं.

"साहेब, चंद्रपूर गाडी येनार काय?"

"नाई."

प्रवासी हबकायचा. पिशवी उचलून दुसरं वाहन शोधायला निघायचा, तेवढ्यात खिडकीतून आवाज यायचा, "म्हंजे, आत्ताच नाई. बसा."

मी एकदा त्याला म्हटलं, साहेब, लोकांना नीट सांगत जा ना. तो म्हणाला, "सेठ, येनार म्हनलं आन उशीर झाला, त लोक मले शिव्या देते. नाई म्हनलं आन गाडी आली, त मलेच हात जोडून जाते. गाडी तेच, टाइम तेच. मंग मी काऊन हो म्हनू?"

ही गंमत मी हसून सोडून दिली. सोडायला नको होती.

घरीही हेच. त्याची बायको आतून विचारायची, "जेवता काय?" तो म्हणायचा "नाई" आणि हात धुवायला उठायचा. चहा? नाई, आणि कप हातात. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "यायनं लग्नालेबी आंधी नाईच म्हनलं होतं. माह्या बापानं ऐकलंच नाई." कंट्रोलर शेजारी बसून सुपारी कातरत होता. म्हणाला, "ऐकाले पायजे होतं."

तर असा हा माणूस आमच्या रविवारच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन होता. खेळाडू म्हणून तो काहीच नव्हता. अकराव्या नंबरला बॅटिंगला जायचा आणि फिल्डिंगला छत्री उघडून उभा राहायचा, अशा जागी, जिथे बॉल चुकूनच येईल. आला तर छत्री मिटून मग वाकायचा. तोपर्यंत बॅट्समन दोन रन काढून गप्पा मारत असायचे. पण पिचवर अंथरायची मॅट त्याच्या ताब्यात आणि बॉलही त्याच्याच ताब्यात, त्याच्या टिफिनच्या सगळ्यात खालच्या डब्यात. वरच्या डब्यांत पोळ्या आणि भाजी. त्यामुळे आमच्या बॉलला कायम मेथीचा वास यायचा. सावंगीच्या मेडिकल कॉलेजची पोरं खेळायला आली तेव्हा त्यांच्या ओपनरने बॉल नाकाशी धरून विचारलं होतं, "काका, हा बॉल आहे की पराठा?"

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिशीत होतो. जॅक लावून लावून खांदा तयार झालेला, गावोगावच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत नाव झालेलं. मी सरळ जाऊन म्हटलं, "साहेब, मी बॉलर आहे."

"नाई."

"नाई म्हंजे? आहे मी बॉलर."

"आसशीन. पन आमच्याकडं बॉलर लय आहे."

मी नजर फिरवली. मॅटचे खिळे ठोकणारा एक कंपाउंडर, पोट सुटलेला एक लॉजवाला, झाडाखाली आडवे झालेले दोन शिक्षक. यांत मला तरी बॉलर दिसत नव्हता. पण एक काळासावळा, काटक माणूस उठून उभा राहिला आणि हात गोल गोल फिरवू लागला. जवळच्या गावात वांगी पिकवायचा, हिंगणघाटच्या भाजीबाजारात न्यायचा. सगळे त्याला वांगीवालाच म्हणत.

"हा पाहा," कंट्रोलर म्हणाला. "नाल्याकडच्या टोकाचा बॉलर."

आता मैदान समजून घ्या. एका बाजूला सडक, दुसऱ्या बाजूला नाला. सडकेकडचं टोक सपाट, त्यावर बाभळीची सावली, वारा पाठीशी. नाल्याकडून टाकायचं तर धावायला सुरुवात खालून करावी लागते, चढावर. सकाळचा सूर्य सरळ डोळ्यांत. वारा तोंडावर. पाऊस होऊन गेला असेल तर काळी माती बुटाला असा गोळा धरते की तिसऱ्या बॉलला माणूस दोन इंच उंच होतो. उन्हाळ्यात तीच माती फाटते आणि पाय भेगेत जातो.

"तू सडकेकडून टाक," कंट्रोलर म्हणाला. "ते सोपं आहे. नवीन लोकायले तेच देतो."

"आन नाल्याकडचं?"

"ते नाई भेटत."

"काऊन?"

"त्या टोकाले अक्कल लागते."

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणाला होता. मी म्हटलं, टाकीन तर नाल्याकडूनच, नाहीतर चाललो. तो वांगीवाल्याकडे पाहू लागला, वांगीवाला हात फिरवत राहिला. बरीच घासाघीस झाली. शेवटी कंट्रोलरने मोठा उसासा टाकला आणि म्हणाला, "दोन ओव्हर. तेबी वांगीवाल्याच्या मनानं झालं त."

मी तीन घेतल्या. घरी आलो तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि छाती फुगलेली होती. बायकोला सांगितलं, पहिल्याच दिवशी त्या माणसाकडून नाल्याकडचं टोक काढून घेतलं.

पुढे दर आठवड्याचा हाच क्रम झाला. बुधवारी माझा फोन जायचा.

"साहेब, येत्या रविवारी सहा ओव्हर."

"नाई. दोन."

"मागच्या वेळी चार दिल्या होत्या."

"म्हनून त हारलो."

गुरुवारी मी तीनवर यायचो आणि पुन्हा चारवर चढायचो. शुक्रवारी तो म्हणायचा, वांगीवाल्याचा हात लय मोकळा झाला आहे, त्यालाच पूर्ण टोक देतो. शनिवारी मी थांब्यावर जाऊन खिडकीसमोर उभा. प्रवासी मागे ताटकळत. एकदा एक म्हातारी म्हणाली, "देऊन टाक न बापा त्याले काय पायजे ते, माही गाडी चुकन." कंट्रोलर तिला म्हणाला, "बाई, तुमची गाडी येऊन राह्यली, याची अक्कल येऊन नाई राह्यली." तरी त्या दिवशी मी पाच ओव्हर घेऊनच हटलो.

ज्यांनी कधी बॉल टाकला नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण हौशी बॉलरचं जिणं फार वाईट. बॅट्समन एक चौका मारतो आणि आठवडाभर सांगत फिरतो. बॉलर चढावरून धावत येतो, चांगला बॉल पडतो, बॅटची कड लागते, आणि स्लिपमध्ये कंपाउंडर नाक पुसत असतो. खांदा सोमवारी दुखतो, कंबर मंगळवारी. बायको तेल लावून देताना विचारायची, "तुमच्या त्या धावण्यानं आजवर कोनाचं काय भलं झालं?"  आमच्याबरोबर बॉलिंग करणारे किती आले आणि गेले. कोणाचं लग्न झालं, कोणाचं पोट सुटलं, कोणाला एके दिवशी वाटलं की अंथरुणातच बरं आहे. मी टिकलो. लोक विचारायचे, सेठ, एवढा जोर आणता कुठून? मी म्हणायचो, मिळवलेली गोष्ट आहे, भांडून मिळवली आहे, सोडीन कशी?

एकदा मात्र सोडणार होतो. सिंदीला सामना होता. तिथल्या कापसाच्या व्यापाऱ्यांच्या टीमने मला असं धुतलं की बॉल तीनदा रुळांपलीकडे गेला, आणि तिसऱ्यांदा त्यांचाच एक माणूस आणायला जाताना म्हणाला, "याले तिकीट काढून द्या, रोजच येनं-जानं आहे." सगळं मैदान हसलं. कंट्रोलरही छत्रीखाली हसला, हे मी पाहिलं.

बुधवारी मी फोन केला तो भांडायला नाही. म्हटलं, "साहेब, बस झालं. मी रविवारी येत नाई. याच्यापुढे येतच नाई."

माझी समजूत अशी, की आता तो मनधरणी करील. कोणीही केली असती. तो म्हणाला, "बरं झालं. मीच सांगनार होतो, पन तुले वाईट वाटन म्हनून थांबलो होतो. ते टोक वांगीवाल्याले पक्कं करून टाकतो."

मी फोन आपटला.

त्या रविवारी सावंगीच्या मेडिकलवाल्यांशी सामना होता. मी उजाडायच्या आत मैदानावर पोचलो. मॅट स्वतः ओढून आणली, खिळे स्वतः ठोकले, आणि नाल्याच्या काठावर जाऊन उभा राहिलो. कंट्रोलर आला, टिफिन झाडाला टांगला, माझ्याकडे पाहिलं. वांगीवालाही आला होता.

"सेठ, तू त येनार नव्हता."

"बॉल द्या."

"नाई."

"साहेब, बॉल द्या, नाही त हे मॅट गुंडाळून नाल्यात टाकतो."

त्याने डबा उघडला आणि बॉल माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला, जसं कुत्र्यापुढे ठेवतात. मी उचलला. त्या दिवशी मी पूर्ण सामनाभर त्या टोकाकडून टाकलं. मेडिकलवाल्यांचा एक उंच पोरगा होता, सगळ्यांना सहज मारत होता. माझा बॉल तर त्याने दोनदा नाल्यापार केला. तिसऱ्यांदा मी धावत आलो तेव्हा मला ना चढ दिसला, ना सूर्य. बॉल आत आला आणि त्याची मधली दांडी उडाली. तो पोरगा वळून दांडीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. त्याने बॅट काखेत धरून टाळी वाजवली.

मी कंट्रोलरकडे पाहिलं. आपली टीम, आपला कॅप्टन, काहीतरी म्हणेलच. तो छत्री फिरवत म्हणाला, "नशीब."

एवढंच. पूर्ण आठवडा मी ट्रॅक्टर विकता विकता मनात त्याच्याशी भांडत होतो. पुढच्या रविवारी पुन्हा सगळ्यांआधी हजर. नशीब म्हणतो काय. दाखवतो.

अशी वर्षं गेली. माझे केस गेले, दोन मेकॅनिक बदलले, मुलीचं लग्न झालं. कंट्रोलर निवृत्त झाला आणि मुलाकडे वर्ध्याला राहायला गेला. जाताना त्याने कॅप्टनकी बँकेत नवीन आलेल्या एका पोराला दिली. बॉलचा डबा दिला नाही, म्हणाला, तो घरचा आहे.

पावसाळा संपल्यावर नवीन कॅप्टनचा पहिला रविवार. मी बुधवारीच त्याला फोन केला, सहा ओव्हर म्हणून. तो म्हणाला, "काका, विचारताय काय? हव्या तितक्या टाका. टोकही तुम्हाला हवं ते घ्या."

 पुढचं वाक्य तयार होतं, पण ते म्हणायला जागाच नव्हती.

रविवारी गेलो. त्याने दोन्ही हातांनी बॉल दिला, नैवेद्य दिल्यासारखा. मी नाल्याकडून धावलो. पहिल्यांदा लक्षात आलं की चढ केवढा आहे. सूर्य डोळ्यांत गेला. बॉल हातातून सुटला तो नळाच्या पाण्यासारखा, नुसता पडला. तीन ओव्हरनंतर मीच बॉल परत केला. पुढच्या रविवारी गजर वाजला आणि मी तो बंद केला.

मग एका सकाळी वांगीवाला माझ्या आवारात आला. जुनी ट्रॉली पाहायची होती. चहा सांगितला. बोलता बोलता म्हटलं, "घे बापू, आता ते टोक तुलेच. इतकी वर्षं डोळा ठेवून होता."

तो चहाचा घोट घ्यायचा थांबला. "कोनतं टोक?"

"नाल्याकडचं."

"भाऊ," तो म्हणाला, "मी कायले त्या खड्ड्यातून टाकतो? मी त बॉलरच नाई. माहा हात वरच जात नाई, पंप चालू करताना उखडला होता."

"मंग फिरवत काऊन होता?"

"साहेब म्हनत, कोनी नवा बॉलर आला की उठजो आन हात फिरवजो, मंग म्हनत, सेठ आला की. बस. त्याच्या बदल्यात मले तिसऱ्या नंबरले बॅटिंग देत आन बाजाराच्या टायमाले सोडत." मग माझा चेहरा पाहून त्याने कप खाली ठेवला. "तुले मालूम नव्हतं काय भाऊ? साऱ्या टीमले मालूम होतं. त्या टोकाकडून टाकाले कोनी तयारच होत नव्हतं न."

हिंगणघाटवाले! माझ्याच आवारात, माझ्याच खुर्चीवर बसून चहा पीत होते.

ट्रॉलीचा सौदा मी त्या दिवशी केला नाही. गाडी काढली आणि तडक वर्ध्याला गेलो.

कंट्रोलर घरी नव्हता. सून म्हणाली, बाबा मैदानावर फिरायला गेलेत. गेलो. तिथे पाच-सहा म्हातारे स्वेटर-कानटोप्या घालून उभे, आणि मध्ये हा, मिटलेली छत्री घेऊन. एका जाड्या म्हाताऱ्याला सांगत होता, "गुरुजी, तुमी इथंच चकरा मारा. टेकडीची फेरी तुम्हाले नाई झेपनार. ते या वकीलसाहेबाचं काम आहे." वकीलसाहेब बाजूला उभे राहून गुडघे वरखाली करत होते. गुरुजी लाल झाले. "काय समजता मला?" म्हणाले आणि टेकडीकडे असे सुटले की कानटोपी मागे पडली. ते दूर गेल्यावर वकीलसाहेब बाकावर बसले आणि खिशातून फुटाणे काढले.

मी जाऊन समोर उभा राहिलो.

"सेठ," तो म्हणाला. "इकडं कुठं?"

"वांगीवाला भेटला होता."

त्याने छत्री बाकाला टेकवली. मला वाटलं आता "नाई" येणार. नाही, मी असं केलं नाही. नाही, वांगीवाला खोटं बोलतो. मी पूर्ण रस्ताभर त्याचीच तयारी केली होती. एकेका नाहीला माझ्याकडे तीन तीन उत्तरं होती.

"तुमी मले इतकी वर्षं फसवलं?"

"हो," तो म्हणाला.

"त्या टोकाले कोनीच गिऱ्हाईक नव्हतं?"

"हो. कोनीच नाई."

"मी दरवेळी भांडून घेत होतो ते तुमी मले तसंबी देनारच होते?"

"हो न. तू नसता आला त टीमच बंद पडली असती." आणि मग माझा दंड धरून, अगदी मऊ आवाजात, "सेठ, इतकी वर्षं त्या चढावरून कोनी धावलं नसतं. तू लय चांगला बॉलर आहे."

 मी गाडीत येऊन बसलो. जामपर्यंत रेडिओही लावला नाही.

आता माझी तक्रार ऐका. फसवणूक जुनी झाली, ती मी कदाचित पचवली असती. पण हा शेवटचा "हो" पचत नाही. उभ्या आयुष्यात ज्याने बायकोला चहालाही आधी हो म्हटलं नाही, तो मला पहिल्याच शब्दाला चांगला बॉलर म्हणतो. मी धंद्यातला माणूस आहे. पहिल्या शब्दाला हो म्हणणाऱ्याचा माल मी कधी घेतलेला नाही. अशा वेळी एकतर मालात खोट असते, नाहीतर विकणाऱ्याला तुमची कीव आलेली असते. यातलं काय आहे? मी चांगला बॉलर होतो, की चढावर जुंपायला मिळालेला एकटाच बैल होतो? हे मला कळल्याशिवाय माझा हात वर जात नाही. दोन रविवार घरी बसलो आहे. बायको विचारते, बरं नाही का. नवीन कॅप्टन फोन करतो, काका, तुमच्याशिवाय मजा नाही, या ना. या ना म्हणतो! असं बोलावलं तर कोण जाईल?

माझी मागणी सरळ आहे. कंट्रोलरने रविवारी जामच्या मैदानावर यावं. सगळ्यांसमोर बॉल हातात धरावा आणि मी मागितला की नाही म्हणावं. मग मी चांगला बॉलर आहे की नाही, यावर आपण नीट भांडू. त्याने "नाई"पासून सुरुवात करावी, मी जे काही त्याच्याकडून काढून घेईन तेच खरं मानीन, एक शब्दही फुकटचा नको. साहेब, माणसाला सवय लावून तुम्ही वर्ध्यात म्हाताऱ्यांना टेकडी चढवत बसलात, याचं उत्तर कोण देणार? कोणत्या रविवारी येता, तेवढं बोला.